शेवटच्या वावराचं पाणी

चैत्र लागला की मला बसवत नाही. कचेरीत खुर्चीवर बसलो की उठावंसं वाटतं, आणि उठलो की कशासाठी उठलो ते आठवत नाही. पाणी प्यायला म्हणून जातो आणि न पिताच परत येतो. फायलीची दोरी सोडतो, पुन्हा बांधतो. घरीही तीच तऱ्हा. "लागला चैत्र," बायको म्हणते, "आता आखाजीपर्यंत यांच्या पायातल्या चपला निघायच्या नाहीत." आमची आई होती तेव्हा ती याला पायाची भिंगरी म्हणायची. भिंगरी परवडली, ती निदान माणसाला कुठेतरी नेते. मी जागच्या जागीच फिरत असतो.

यंदा धुळ्याच्या आमच्या कचेरीत दुसरं बोलणंच नाही. नवं राज्य होणार, कोणाची बदली कुठे होणार, जुने शिक्के चालतील की नवे करावे लागतील. माझ्या टेबलावर मात्र पंधरा दिवसांपासून एकच छापील पान पडून आहे. 'वणव्यात होरपळलेल्या केळीबागेची निगा' असा वर मथळा आणि खाली आठ ओळींच्या सूचना. जुन्या प्रती संपल्या, आता पुन्हा छापायच्या आहेत, काही दुरुस्ती असेल तर करून द्या, असं वरून आलं आहे. मी ते पान दहादा वाचलं. त्यात शुद्धलेखनाची एक चूक नाही. असणार कुठून, सूचना मीच लिहिल्या आहेत.

गेल्या आठवड्यात कामानिमित्त चोपड्याला निघालो होतो. एसटी सोनगीरला थांबली आणि मी सवयीने किल्ल्याकडे पाहिलं. डोंगराची एक बाजू काळी झाली होती. कोणीतरी विडी टाकली असेल, नाहीतर गुराख्याने गवत पेटवलं असेल. आग केव्हाच विझली होती, पण वारा आला की खिडकीतून तो वास यायचा, जळलेल्या गवताचा, जरासा गोडसर. शेजारचा माणूस खुशाल शेंगा खात होता. मी उतरलो. गाडी सुटायला अवकाश होता, म्हणून उगाच तांबटांच्या ओळीत फिरलो आणि एक तांब्या विकत घेतला. घरात चार तांबे असताना हा कशाला, हे त्या वेळी मलाही सांगता आलं नसतं.

पाच वर्षांपूर्वी मी चोपड्याला होतो. शेतकी खात्यातला सगळ्यात खालचा माणूस, वय पंचवीस, सायकल स्वतःची. सातपुड्याच्या पायथ्याशी एक गाव माझ्याकडे होतं. त्याचं नाव लिहीत नाही, कारण पुढे जे लिहायचं आहे त्यात माझी अब्रू जाते ती जाऊ दे, गावाची कशाला घालवू? गाव चांगलं होतं. वरच्या अंगाला कपाशीची वावरं, खालच्या अंगाला केळीच्या बागा, बागांना वाऱ्यापासून आडोसा म्हणून शेवरीच्या दाट रांगा. पाडवा होऊन चार दिवस झाले होते. केळी निसवायला लागल्या होत्या. कुठे कुठे लाल कमळ बाहेर पडून घड दिसू लागला होता आणि लोक बोटांवर महिने मोजत होते.

वणवा दुपारी उतरला. मी तेव्हा तिथे नव्हतो, दुसऱ्या दिवशी सकाळी पोचलो. डोंगरातून आग नेहमीच दिसायची. चैत्रात सातपुड्यावर आगीच्या माळा दिसतात, त्याकडे कोणी मान वळवूनही बघत नाही. पण त्या दुपारी वारा फिरला. उपटून बांधावर रचून ठेवलेल्या कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या गंजी होत्या. आग एका गंजीवरून दुसरीवर, तिथून वाळलेल्या शेवरीवर आणि शेवरीतून बागेत आली. गंजी बांधावर रचू नका, असं मी दोनदा सांगितलं होतं. पण ते सांगण्यापुरतंच. माझ्या सांगण्याने गंजी हलत असत्या तर मी कशाला सायकलवर फिरलो असतो! आग कोणी लावली याच्या गावात दहा गोष्टी होत्या, आणि दहाही गोष्टींतला माणूस वेगळा होता.

केळ जळत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. केळ शिजते. खाली लोंबणारी वाळकी पानं भुरकन जळून जातात, पण हिरवी खोडं जागच्या जागी उभी राहतात, तपकिरी, मऊ, आतून कढत. सकाळीदेखील त्यांच्यातून वाफ निघत होती. वास धुराचा नव्हता. मोठ्या पंगतीला भाजी शिजते तेव्हा मागच्या अंगणात येतो तसा वास होता, आणि त्या वासाने भूक लागायची. भूक लागली याची मला इतकी लाज वाटली की मी रुमाल नाकाला लावला. लोकांना वाटलं, साहेबाला धूर सोसवत नाही.

अकरा बागा गेल्या होत्या. माणूस एकही गेलं नव्हतं, बैल सोडून दिल्यामुळे तेही वाचले होते. विहिरींवरच्या मोटांचं लाकडी सामान, नाडे, चामड्याच्या मोटा, सगळं जळून काही बाहेर, काही विहिरीत पडलं होतं. फक्त गावालगतची तोताराम आबांची विहीर तेवढी शाबूत होती, तिच्यावर दोन मोटा चालायच्या. आबा गावातले जाणते. साठीचे, बोलायला कमी, बागायतीत हात धरणारा कोणी नाही. त्यांचीही बाग गेली होती. सगळे बांधावर बसले होते. कोणी रडत नव्हतं. तपकिरी खोडांकडे पाहत नुसते बसले होते, आणि ते बसणं मला सहन होईना. तेच तर माझं दुखणं. समोर कोणी नुसतं बसलेलं असलं की माझ्या पायांत मुंग्या येतात. मी मदतीला आलो होतो, आणि मदत म्हणजे काहीतरी करणं, एवढीच माझी समजूत होती.

"आबा, कंद जिवंत असतील," मी म्हणालो. "वरचं गेलं. जमिनीतलं कसं जाईल?"

एवढ्यावरच सगळं उभं होतं, हे तिथल्या पोरालाही कळत होतं. यंदाचा घड गेला तो गेला. पण जमिनीतला कंद जगला तर बुडातून पिलं फुटतील आणि पुढची बाग त्यांच्यावर उभी राहील. कंद मेला तर बाग मुळासकट संपली. आसपास मागायचं म्हटलं तरी सगळ्यांचीच गत सारखी. नवे कंद लांबून आणायचे, तेही मृगाच्या आत.

"मंग आते काय करवानं?" आबांनी विचारलं.

मी काय बोललो ते आठवण्याची गरज नाही, कारण माझ्याआधी तीनचार जण एकदमच बोलले. पानी. त्या मुलखात उन्हातून आलेल्या माणसाला त्याचं नाव विचारण्याआधी पाण्याचा तांब्या देतात. वाटसरूंसाठी चैत्रात झाडाखाली रांजण भरून ठेवतात. भाजलेल्याला, दमलेल्याला, रडणाऱ्याला, भांडून आलेल्याला, सगळ्यांना आधी पाणी. मग होरपळलेल्या बागेला दुसरं काय देणार? कोणाच्या मनात शंका आली नाही. शिकलेला मी एकटाच होतो, माझ्याही आली नाही. मला तर हायसं वाटलं. करायला काम मिळालं.

मी कागद काढला आणि पाळ्यांची यादी केली. विहीर एकच, बागा अकरा. पाट ज्या क्रमाने जातो त्या क्रमाने नावं लिहिली. पहिलं नाव आबांचं, कारण त्यांची बाग विहिरीला लागून होती. अकरावं नाव ठगूबाईचं, कारण तिचं वावर पाटाच्या पार शेपटाला होतं. यात काही अन्याय आहे असं मला वाटलं नाही. पाणी उतारानेच जातं.

ठगूबाईला सगळे ठगूअक्का म्हणायचे. पन्नाशीची, अंगाने काटक, आवाज असा की पलीकडच्या वावरातला बैल थांबावा. नवरा भुसावळला रेल्वेच्या शेडमध्ये कामाला होता, तो महिन्यातून एकदा यायचा आणि पाहुण्यासारखा जेवून जायचा. शेती तिची तीच करायची. गावात तिच्याशी भांडण न झालेला माणूस शोधावा लागला असता. यादी वाचून दाखवली तेव्हा ती उभी राहिली.

"साहेब, मना नंबर कव्हय?"

"सातव्या दिवशी, अक्का."

"सात दिनमा मानूस मरस."

"केळ नाही मरत," मी म्हणालो. मोठा जाणकार!

ते दिवस आठवले की अजून अंगात उत्साह येतो, हे कबूल करायला मला आवडत नाही, पण येतो. पहाटेपासून दोन्ही मोटा सुरू व्हायच्या. ज्यांची लाकडं जळली होती त्यांनी आपले बैल आणून दिले, जोड्या बदलत राहिल्या, मोट थांबली नाही. चाकांची कुरकुर, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज, मोटेच्या तोंडच्या हौदात, थारोळ्यात, पाणी ओतलं जाताना होणारा तो धबाक आवाज. पाणी पाटातून पळायचं आणि काळ्या भुईवर पोचलं की चर्र व्हायचं. राखेचा फेस यायचा. मी धोतर खोचून, फावडं घेऊन पाण्यामागे धावायचो. साहेब चिखलात उतरला म्हणून लोकांना अप्रूप वाटायचं आणि त्या अप्रुपावर मी आणखी धावायचो. पायांच्या मुंग्या गेल्या होत्या. रात्री अंग टाकलं की डोळा लागायचा. इतका सुखी मी पुन्हा कधी झालो असेन असं वाटत नाही, आणि हे सुख अकरा बागांच्या राखेवर उभं होतं.

अक्का रोज यायची. थारोळ्यापाशी उभी राहायची आणि विचारायची, "बठ्ठासनी पाळी व्हयनी, मनी कव्हय?" सगळ्यांची झालेली नसायची, पण ती तसंच म्हणायची. चैत्रातली काळी भुई भेगाळलेली. पाणी पाटाने कमी आणि भेगांत जास्त जायचं. सहाव्या दिवशी आठवीच बाग भिजली. सातव्या दिवशी आबा आले आणि म्हणाले, आमच्या खोडांचा रंग उतरतो आहे, तहानली असतील, अजून एक पाणी बसलं तर? मी यादीकडे पाहिलं. आबांची बाग मोठी, आबांचीच विहीर, आबांचेच बैल. त्यांनी मागितलं नसतं तरी मी दिलं असतं. मी आबांना दुसरं पाणी दिलं, मग त्यांच्या शेजारच्यालाही दिलं, कारण एकाला दिल्यावर दुसऱ्याला नाही कसं म्हणणार? शेपटाची तीन वावरं मागे राहिली. त्यांतल्या दोघांनी ओरडा करून आणि बैलगाडीवर पिंपं घालून आपापलं पाणी नेलं. अक्काकडे गाडी नव्हती. तिचे बैल रोज आबांच्या मोटेला जुंपलेले होते.

त्या दुपारी ती पाटाच्या तोंडाशी आली आणि बसली. भांडली नाही. मला भांडण चाललं असतं.

"साहेब, मना बैलस्नी पानी काढं. मनाच वावरले नई?"

"उद्या, अक्का. उद्या नक्की."

"तुमना उद्या ना," ती म्हणाली, "तो आबाना वावरमाच राहस."

ती उठली, बैल सोडले आणि घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी मला चोपड्याला बोलावणं आलं. परत आलो तो चार दिवसांनी. उद्या गेला तो गेलाच.

माणूस स्वतःला फार हुशारीने समजावतो. मी समजावलं की एका बागेपायी दहा बागा अडवता येत नाहीत. ती बाई भांडखोर आहे. पाट मी खोदलेला नाही. हे सगळं खरं होतं. खऱ्या गोष्टी एकावर एक रचल्या की त्यांच्याआड चांगलं लपता येतं. कचेरीतली निम्मी कामं अशीच चालतात, आणि मी लहान असलो तरी कचेरीतलाच होतो.

मग तो दुसरा वास आला. पहिला तरी भाजीचा होता. हा नव्हता. मी सायकल टेकवली आणि आबांच्या बागेत शिरलो तर आबा एका खोडाजवळ उभे होते. मला म्हणाले, "साहेब, हात लावा." मी नुसता हात लावला आणि खोड कलंडलं. कंदासकट वर आलं, चिखलातून काठी निघावी तसं. बुडाशी काळं, पिचपिचीत, आणि पांढऱ्या अळ्या. आबांनी दुसरं खोड ढकललं, तिसरं ढकललं. चौथ्यापाशी थांबले आणि धोतराला हात पुसले.

पान नाही त्या केळीला पाणी कशाला लागेल? ती पिणार कुठून आणि टाकणार कुठून? हे मला पुस्तकात शिकवलं होतं. परीक्षेत मी ते लिहिलंही होतं. काळी चिकण भुई, वर ऊन, बुडाशी साचलेलं पाणी, आणि त्यात भाजून अर्धमेला झालेला कंद. आम्ही अकरा दिवस बैल दमवून, माणसं दमवून, जे जगलं होतं ते सडवलं होतं. सगळ्या गावाने, जीव ओतून, कोणाच्या मनात काही वाईट नसताना.

मला कोणी काही बोललं नाही. आबा फक्त एवढंच म्हणाले, "आमीन बी तेच म्हनंत. तुमले एकलाले बोल लावता येत नई." शिवी दिली असती तर मी सायकलवर बसून निघून गेलो असतो. या बोलण्याने मी तिथेच अडकलो. लोकांसमोर उभं राहवेना म्हणून पाटाच्या कडेने चालत सुटलो, खाली, खाली, जिथे कोणी नसेल तिथे. पाट कोरडा होत गेला. राख पायाला कोमट लागत होती. आणि शेवटच्या वावरात अक्का वाकून काहीतरी करत होती.

मी वळायच्या आत तिने पाहिलं.

"ये," ती म्हणाली. तिच्या तोंडातला 'साहेब' गळून पडला होता. "आठे ये. देख."

तिची बाग उभी नव्हती. बैल सोडून नेले त्या संध्याकाळी ती विळा घेऊन बागेत शिरली होती आणि सगळी खोडं बुडापासून कापून काढली होती. रागाने. दुसरं कारण नव्हतं. बाग मेलीच आहे तर मला ती उभी दिसायला नको, असं तिला वाटलं. खोडं ओढून बांधावर टाकायला जोडीला कोणी नव्हतं, तेव्हा जिथे पडली तिथेच तिने ती पडू दिली. बुंध्यांवर आडवीतिडवी खोडांची रास झाली. केळीच्या खोडात सगळं पाणीच. ते हळूहळू झिरपत राहिलं, आणि वरून सावली झाली.

अक्काने खोडाचं एक सुकलेलं सोपट बाजूला केलं. खाली कापलेल्या बुंध्याच्या कडेला करंगळीएवढं टोक वर आलं होतं. गुंडाळलेलं, टोकाला लालसर, बाकी पोपटी. त्या काळ्या मुलखात मी दहाबारा दिवसांत हिरवा रंग पाहिला नव्हता. तिने दुसऱ्या बुंध्यावरचं उचललं. तिथे दोन. पुढे तीन. ती प्रत्येक ठिकाणी उचलून दाखवत होती आणि लगेच झाकत होती, निजलेल्या पोराच्या तोंडावरचं पांघरूण काढून बघावं तसं.

"जित्तं शे," ती म्हणाली. "बठ्ठं जित्तं शे."

मी खाली बसलो. खरं म्हणजे मला रडू आलं होतं, आणि ते आनंदाचं होतं की आणखी कशाचं हे सांगणं कठीण आहे.

गावाला कळायला वेळ लागला नाही. पण कोणी तिच्या वावरात गेलं नाही. कसं जाणार? पाटाच्या तोंडाशी ती बसली होती तेव्हा सगळ्यांनी पाहिलं होतं. पिलं आता त्या शिवारात फक्त तिच्याकडे होती, आणि ती मागायला तोंड कोणाकडे नव्हतं. रस्त्यात ती दिसली की लोक बैलांच्या कासऱ्यात काहीतरी अडकल्यासारखं करायचे. मीही दोनदा सायकलची साखळी तपासली. अक्का कोणाशी बोलत नव्हती. भांडतही नव्हती. गावाला त्याचीच जास्त भीती वाटत होती.

अशात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया आली. खानदेशात आखाजी म्हणजे काय ते बाहेरच्याला सांगून कळत नाही. सासरच्या पोरी माहेरी येतात, निंबांना झोके बांधतात, गाणी म्हणतात, आणि दोन दिवस गाव त्यांचं असतं. त्या वर्षीही पोरी आल्या. झोके बांधायचे निंब मात्र शिवारात अर्धे जळालेले, तेव्हा गावात एकाच झाडाला सगळे झोके. त्या दिवशी पितरांसाठी पाण्याची घागर भरून पुजतात आणि निखाऱ्यावर त्यांच्या नावाने घास टाकतात. त्याला तिकडे आगारी म्हणतात. आबांनी मला जेवायला बोलावलं होतं. पुरणपोळी झाली, घागर पुजली गेली, आणि आबा निखारे मागवायचं नाव घेईनात.

"यंदा आगारी नई," ते म्हणाले. "एवढं बठ्ठं खादं त्या आगनी. तरी तिले आपलाच हातनी घास दू?"

घरातल्या बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. पितर उपाशी ठेवायचे म्हणजे काय! पण आबांपुढे कोण बोलणार? पोळ्या निवत होत्या. माझी नेहमीची तगमग सुरू झाली. उठावं, काहीतरी बोलावं, काहीतरी करावं. पण त्या महिन्याभरात मी एवढं शिकलो होतो की मी काही करू नये. मी हात मांडीखाली दाबून बसलो.

तेवढ्यात दारातून अक्का आत आली. हातात खापर, खापरावर शेणीचे लाल निखारे. तिने ते आबांच्या पाटासमोर ठेवलं आणि कमरेवर हात देऊन उभी राहिली.

"आगारी टाका आबा. पितरस्नी काय बिघाडं?" मग श्वासही न घेता, "आनि सकाय मानसं धाडा मना वावरमा. एवढा पिलं मी एकली कसा खनू? काय मनी कंबर मोडानी शे का?"

तिने गावावर उपकार केले नव्हते, गावाकडून काम मागितलं होतं. मागायला आलेली तीच होती, बाकी सगळे देणारे. आजवर अनेक मोठी माणसं पाहिली, पण एवढ्या बेमालूमपणे दुसऱ्याची मान वर करून देणारं माणूस मी पाहिलं नाही, आणि तेही भांडणाच्या आवाजात.

"साहेब," ती माझ्याकडे वळली, "कागद शे ना? यादी लिख. पन ही यादी मी सांगसू."

मी लिहिली. शेपटाकडचं नाव पहिलं. मग त्याच्या वरचं. दहावं, शेवटचं, आबांचं. ते ऐकून आबांच्या मिशा हलल्या, आणि वणव्यानंतर पहिल्यांदा तो माणूस हसला. हसता हसता त्यांनी पोळीचा तुकडा मोडला, तुपात बुडवला आणि निखाऱ्यावर टाकला. तुपाचा धूर वर गेला. त्या धुराने मात्र कोणी नाक दाबलं नाही.

मृगाला प्रत्येकाच्या वावरात एक एक तुकडा केळीचा लागला. सगळी जमीन भरेल एवढी पिलं तिच्याकडेही नव्हती. बाकीच्या जमिनीत लोकांनी त्या वर्षी ज्वारी-कपाशी पेरली. पुढल्या सालापर्यंत शेवरीच्या रांगा पुन्हा हिरव्या झाल्या. पऱ्हाट्यांच्या गंजी मात्र अजून बांधावरच असतात.

आणि मी काय केलं? मी अहवाल लिहिला. वणव्यानंतर खोडं बुडापासून कापावीत, ती बुंध्यांवर पसरावीत, पिलं दिसेपर्यंत पाणी देऊ नये, या पद्धतीने बाग वाचल्याचं प्रत्यक्ष आढळून आलं. सगळं खरं. 'आढळून आलं' हा कचेरीतला फार सोयीचा शब्द आहे. कोणाला आढळलं, कसं आढळलं, कोणाचं काय जाऊन आढळलं, हे त्यात सांगावं लागत नाही. वरचे साहेब खूष झाले. सूचना छापल्या, तालुक्या-तालुक्यांत वाटल्या. वर्षभराने मला धुळ्याला बढतीवर आणलं. तेव्हापासून प्रत्येक चैत्रात माझ्या पायांत मुंग्या येतात.

तर गेल्या आठवड्यात चोपड्याचं काम उरकून मी त्या गावी गेलो. पिशवीत ते पान आणि सोनगीरचा तांब्या. अक्का ओट्यावर शेवया वळत होती. केस पांढरे झाले आहेत, आवाज तोच. तांब्या तिने उलटासुलटा करून पाहिला, बोटाने वाजवला, आणि चांगला शे म्हणून बाजूला ठेवला. मग मी पान काढलं. तिला वाचता येत नाही, म्हणून मीच वाचून दाखवलं. का वाचलं? तिने शाबासकी द्यावी असं कुठेतरी मनात असणार. तिच्या वावरातली गोष्ट छापून सगळ्या जिल्ह्यात गेली, हे ऐकून ती खूष होईल, आणि मग मला बसवेल.

ती शेवया वळता वळता ऐकत होती. 'पिलं दिसेपर्यंत बागेस पाणी देऊ नये' या ओळीशी तिचे हात थांबले.

"कोन म्हनस पानी देऊ नका?"

"अक्का, तुझीच तर बाग. पाणी मिळालं नाही म्हणून वाचली."

"वाचना," ती म्हणाली. "ते बरं व्हयनं. पन मी त्या पानीकरता पंधरा दिन रडनू. ते लिखेल शे का यामा?"

मी पान घडी करून खिशात ठेवलं.

"नई ना? बाग वाचना तो वाचना, भाऊ. पन तू माले पानी दिधं नई, ते दिधंच नई."

ती रागावलेली नव्हती. पाच वर्षं एखादी गोष्ट जिथे ठेवली होती तिथून उचलून तिने मला दाखवली होती, एवढंच. आबांची बाग, पाटाचा उतार, भेगा, चोपड्याचं बोलावणं, यातलं एकही तोंडात येईना. मी म्हणालो, "हो. नाही दिलं." पाच वर्षांत हे वाक्य मी मोठ्याने पहिल्यांदा उच्चारलं.

अक्का हाताचं पीठ झटकून उठली, मी आणलेला तांब्या घेऊन आत गेली आणि माठातल्या पाण्याने तो काठोकाठ भरून घेऊन आली.

"पह्यले पानी पी," ती म्हणाली. "उन्हातान्हाना उना तू."

तांब्या नवा होता, पाण्याला तांब्याचा वास येत होता. मी सगळं पाणी प्यालो. आणि मग, बऱ्याच वर्षांनी चैत्रात, तिच्या ओट्यावर बसून राहिलो. ती शेवया वळत होती.